विदा-शब्दकोशातील अनिवार्य आणि पूर्वनिर्धारित गुणधर्म

विदा-शब्दकोशातील अनिवार्य आणि पूर्वनिर्धारित गुणधर्म हा वैज्ञानिक विदा-शब्दकोशांच्या रचनेतील एक मूलभूत विषय आहे. एखाद्या विज्ञानशाखेत मोजल्या जाणाऱ्या राशींची नावे, अर्थ, एकके, मूल्यांच्या मर्यादा आणि परस्परसंबंध यांची संगणकाला वाचता येईल अशी पद्धतशीर नोंद म्हणजे विदा-शब्दकोश होय. कोणती माहिती दिल्याशिवाय नोंद ग्राह्य धरू नये, हे ‘अनिवार्य’ या निकषाने ठरते. माहिती दिली नसल्यास कोणते मूल्य गृहीत धरावे, हे ‘पूर्वनिर्धारित मूल्या’ने ठरते. संगणकक्षेत्रात त्यालाच ‘डीफॉल्ट’ म्हणतात. दोन्ही निर्णयांचा संबंध एकाच प्रश्नाशी आहे: नोंदीतील रिकाम्या जागेचा अर्थ काय? या प्रश्नाचे उत्तर शब्दकोशाने स्पष्ट दिले नाही, तर प्रत्येक आज्ञावली ते आपापल्या परीने देते आणि एकाच फाईलमधून दोन प्रयोगशाळांना दोन वेगळे निष्कर्ष मिळू शकतात.

## संकल्पना

विदा-शब्दकोशात प्रत्येक विदाघटकाची एक व्याख्या असते. उदाहरणार्थ, ‘मापनाच्या वेळचे तापमान’ हा एक विदाघटक आहे. त्याची व्याख्या करताना त्याचे नाव, वर्णन, मूल्याचा प्रकार (संख्या की मजकूर), एकक (केल्विन), मर्यादा (शून्यापेक्षा कमी नाही) इत्यादी बाबी नोंदवल्या जातात. या बाबींना त्या व्याख्येचे ‘गुणधर्म’ म्हणतात.

त्यामुळे ‘अनिवार्य’ हा शब्द दोन वेगवेगळ्या पातळ्यांवर वापरला जातो आणि त्यांची गल्लत होण्याचा संभव असतो.

* व्याख्येची पातळी: शब्दकोश लिहिणाऱ्याने प्रत्येक व्याख्येत कोणते गुणधर्म दिलेच पाहिजेत? उदा. वर्णन व मूल्याचा प्रकार.
* विदेची पातळी: प्रयोगाची फाईल तयार करणाऱ्याने कोणत्या विदाघटकांना मूल्य दिलेच पाहिजे? उदा. अणूंच्या यादीतील प्रत्येक अणूची खूण.

पूर्वनिर्धारित मूल्यालाही हाच भेद लागू होतो. व्याख्येत मूल्याचा प्रकार लिहिला नसल्यास तो ‘मजकूर’ समजावा, हा व्याख्येच्या पातळीवरील नियम आहे. अणूची व्याप्ती दिली नसल्यास ती १ समजावी, हा विदेच्या पातळीवरील नियम आहे. पहिल्या प्रकारातील चूक शब्दकोशाच्या संपादनात लक्षात येण्याची शक्यता असते. दुसऱ्या प्रकारातील चूक मात्र थेट गणितात शिरते.

## रिकाम्या जागेचे अर्थ

नोंदीत मूल्य नसण्याची किमान चार कारणे असू शकतात: मापन केले गेले नाही, मापन झाले, पण मूल्य आता उपलब्ध नाही, ती राशी या नमुन्याला लागूच होत नाही, किंवा मूल्य इतके सर्वसाधारण आहे की ते लिहिण्याची गरज लिहिणाऱ्याला वाटली नाही. यांपैकी केवळ चौथ्या कारणासाठी पूर्वनिर्धारित मूल्य योग्य ठरते.

पर्जन्यमापनाच्या नोंदवहीचे उदाहरण घेता येईल. एखाद्या दिवसापुढील जागा कोरी असेल, तर त्या दिवशी पाऊस पडला नाही, की निरीक्षक मापन करू शकला नाही, हे कळत नाही. कोऱ्या जागेचे पूर्वनिर्धारित मूल्य शून्य ठेवले, तर मापन न झालेले सर्व दिवस कोरडे ठरतात आणि मासिक बेरीज प्रत्यक्षापेक्षा कमी येते. अतिवृष्टीच्या काळातच निरीक्षण खंडित होत असेल, तर चूक सर्वात मोठ्या पावसाच्या दिवशीच घडते. अशा राशीला पूर्वनिर्धारित मूल्य नसणे आणि ‘नोंद नाही’ यासाठी स्वतंत्र चिन्ह असणे आवश्यक असते.

## स्फटिकशास्त्रातील उदाहरण

या विषयाचा सर्वाधिक सविस्तर विचार झालेल्या क्षेत्रांत स्फटिकशास्त्राचा समावेश होतो. सिडनी हॉल, फ्रँक ॲलन आणि डेव्हिड ब्राउन यांनी १९९१ मध्ये स्फटिकरचनांच्या देवाणघेवाणीसाठी सीआयएफ हे फाईल-स्वरूप मांडले. आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाने ते स्वीकारले. या स्वरूपातील विदाघटकांच्या व्याख्या स्वतंत्र शब्दकोशांत असतात आणि ते शब्दकोश ‘शब्दकोश व्याख्या भाषा’ अर्थात डीडीएल या भाषेत लिहिले जातात. या भाषेच्या तीन पिढ्या झाल्या असून अनिवार्यतेची कल्पना प्रत्येक पिढीत अधिक नेमकी होत गेली.

### अज्ञात आणि गैरलागू

सीआयएफमध्ये मूल्याच्या जागी प्रश्नचिन्ह असल्यास मूल्य अज्ञात आहे असा अर्थ होतो, तर केवळ पूर्णविरामाचा बिंदू असल्यास ते मूल्य येथे लागू नाही असा अर्थ होतो. यामुळे ‘माहीत नाही’ आणि ‘प्रश्नच उद्भवत नाही’ या दोन स्थिती वेगळ्या राहतात. मात्र काही संदर्भांत बिंदूचा अर्थ ‘शब्दकोशातील पूर्वनिर्धारित मूल्य घ्यावे’ असाही केला जातो. एकाच चिन्हाला दोन अर्थ चिकटल्यास वाचणाऱ्या आज्ञावलीला संदर्भावरून निर्णय घ्यावा लागतो. म्हणून महत्त्वाच्या राशींचे मूल्य, ते नेहमीचे असले तरी, स्पष्ट लिहिणे अधिक सुरक्षित असते.

### डीडीएलच्या तीन पिढ्या

पहिल्या पिढीत अनिवार्यतेचा विचार मुख्यतः याद्यांपुरता होता. एखाद्या यादीत अमुक विदाघटक असलाच पाहिजे, असे ‘होय’ किंवा ‘नाही’ या स्वरूपात सांगता येत असे. अणूंच्या यादीत अणूची खूण अनिवार्य असते, कारण तिच्याविना इतर ओळी कोणत्या अणूविषयी आहेत हे सांगता येत नाही. पूर्वनिर्धारित मूल्यासाठीही स्वतंत्र गुणधर्म होता.

दुसरी पिढी प्रथिने व न्यूक्लिक आम्ले यांसारख्या महारेणूंच्या शब्दकोशासाठी विकसित झाली. तिची मांडणी संबंधाधारित विदागारासारखी आहे. येथे ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्या जोडीला ‘अध्याहृत’ हा पर्याय आला. मूल्य आवश्यक आहे, परंतु ते संदर्भावरून मिळू शकते, असा त्याचा अर्थ आहे. प्रथिन विदागाराचे आजचे प्रमुख स्वरूप याच परंपरेतील आहे.

तिसऱ्या पिढीत, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीडीएलएम या भाषेत, व्याख्येच्या पातळीवरील नियम अधिक स्पष्ट करण्यात आले. संपूर्ण शब्दकोश, विदाघटकांचा गट आणि एकेक विदाघटक अशा तीन व्याप्ती मानून, प्रत्येक व्याप्तीत कोणते गुणधर्म ‘अनिवार्य’, कोणते ‘शिफारस केलेले’ आणि कोणते ‘निषिद्ध’ हे या भाषेच्या संदर्भ-शब्दकोशातच नोंदवलेले असते. यातील ‘निषिद्ध’ हा वर्ग विशेष उपयुक्त आहे. एखादा गुणधर्म केवळ गटाच्या व्याख्येतच अर्थपूर्ण असेल, तर तो एकट्या विदाघटकाच्या व्याख्येत येणे ही चूक म्हणून पकडता येते.

डीडीएलएम स्वतःचीही व्याख्या स्वतःच्याच भाषेत करते. त्यामुळे तिच्या गुणधर्मांनाही पूर्वनिर्धारित मूल्ये आहेत, उदा. मूल्याची रचना सांगितली नसल्यास ते एकेरी मूल्य समजले जाते. याचा लाभ असा, की हजारो व्याख्या आटोपशीर राहतात. तोटा असा, की व्याख्या वाचणाऱ्याला न लिहिलेल्या गोष्टीही माहीत असाव्या लागतात. शब्दकोश वाचणाऱ्या आज्ञावलीने ही मूल्ये आधी भरून घेतली नाहीत, तर तिला व्याख्या अपूर्ण दिसतात.

### पूर्वनिर्धारित मूल्याचा परिणाम: क्वार्ट्झ

पहिल्या पिढीतील मूलभूत शब्दकोशात एकक-कोशिकेच्या कोनांचे पूर्वनिर्धारित मूल्य ९० अंश ठेवलेले होते. घन, चतुष्कोनी आणि समचतुर्भुजेतर काटकोनी प्रणालींत तिन्ही कोन ९० अंशांचे असल्यामुळे हे मूल्य सोयीचे वाटते. परंतु षटकोनी कोशिकेत गॅमा हा कोन १२० अंशांचा असतो.

क्वार्ट्झच्या कोशिकेची पायाची बाजू सुमारे ४.९१३ अँगस्ट्रॉम आणि उंची सुमारे ५.४०५ अँगस्ट्रॉम आहे. गॅमा १२० अंश धरल्यास घनफळ सुमारे ११३ घन अँगस्ट्रॉम येते. कोशिकेत सिलिकॉन डायऑक्साइडची तीन सूत्र-एकके असल्याने घनता प्रति घन सेंटिमीटर सुमारे २.६५ ग्रॅम मिळते. ही क्वार्ट्झची सर्वज्ञात घनता आहे. समजा फाईलमध्ये गॅमा लिहिलाच नाही आणि आज्ञावलीने ९० अंश गृहीत धरले, तर घनफळ सुमारे १३०.५ घन अँगस्ट्रॉम होते आणि घनता २.२९ ग्रॅमवर घसरते. फाईल व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते आणि आज्ञावली कोणतीही सूचना देत नाही. उत्तर मात्र सुमारे १३ टक्क्यांनी चुकलेले असते. अणूंमधील अंतरेही बिघडतात.

याउलट अणूच्या व्याप्तीचे पूर्वनिर्धारित मूल्य १ ठेवणे बहुतांश रचनांत योग्य ठरते. अणूची जागा पूर्ण भरलेली असणे ही सामान्य स्थिती आहे आणि जागा अंशतः भरलेली असेल, तर रचना निश्चित करणारा संशोधक ते मुद्दाम नोंदवतोच. तापमानासारख्या मोजलेल्या राशीला मात्र ‘सामान्य’ मूल्य नसते. काही मापने खोलीच्या तापमानाला होतात, तर काही सुमारे १०० केल्विनला. तेथे पूर्वनिर्धारित मूल्य ठेवणे म्हणजे न केलेले मापन नोंदवणे होय.

### अवलंबी पूर्वनिर्धारित मूल्य

काही मूल्ये दुसऱ्या मूल्यावर अवलंबून असतात. मूलद्रव्याचे चिन्ह दिले असल्यास त्याचे अणुवस्तुमान पुन्हा लिहिण्याची गरज नसते. अशा वेळी डीडीएलएममध्ये एका विदाघटकाच्या मूल्याला सूची मानून त्यानुसार दुसऱ्याचे पूर्वनिर्धारित मूल्य निवडता येते. याखेरीज, एखादे मूल्य इतर मूल्यांवरून गणिताने काढण्याची कृतीही व्याख्येत लिहिता येते. कोशिकेचे घनफळ हे त्याचे उदाहरण आहे. गणिताने मिळणारे मूल्य आणि पूर्वनिर्धारित मूल्य यांत महत्त्वाचा फरक आहे: पहिले फाईलमधील विदेवरून सिद्ध होते, दुसरे शब्दकोशकर्त्याच्या गृहीतकावर उभे असते.

## अन्य विज्ञानशाखांतील पद्धती

### खगोलशास्त्र

फिट्स हे खगोलशास्त्रातील विदा-स्वरूप १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढील वर्षी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने त्याला मान्यता दिली. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणेही विश्लेषणासाठी या स्वरूपात रूपांतरित केली जातात. फिट्सच्या शीर्षभागात मोजक्याच नोंदी अनिवार्य आहेत. फाईल प्रमाणानुसार आहे की नाही, प्रत्येक मूल्याला किती बिट लागतात, विदेला किती मिती आहेत आणि प्रत्येक मितीची लांबी किती, या नोंदी ठरलेल्या क्रमानेच द्याव्या लागतात. त्यांच्याविना पुढील बिटांचा अर्थच लावता येत नाही, हे यामागील कारण आहे.

साठवलेली संख्या खऱ्या राशीत बदलण्यासाठी लागणारा गुणक व मिळवायची संख्या या दोन्ही ऐच्छिक असून त्यांची पूर्वनिर्धारित मूल्ये अनुक्रमे १ आणि ० आहेत. ही मूल्ये गणिती दृष्ट्या तटस्थ आहेत, कारण ती लावल्याने संख्या बदलत नाही. आकाशीय निर्देशांक-पद्धतीचा नियम अवलंबी आहे. पद्धत आणि विषुवकाल दोन्ही दिले नसल्यास आयसीआरएस ही पद्धत मानली जाते. विषुवकाल १९८४ पूर्वीचा असल्यास एफके४ आणि त्यानंतरचा असल्यास एफके५ मानली जाते. जुन्या फाईलींचा अर्थ अबाधित राहावा, हा या नियमाचा हेतू आहे.

### वैद्यकीय प्रतिमा

वैद्यकीय प्रतिमांसाठीच्या डायकॉम या प्रमाणात अनिवार्यतेचे वर्गीकरण विशेष सूक्ष्म आहे. पहिल्या प्रकारच्या गुणधर्मांना मूल्य असलेच पाहिजे. दुसऱ्या प्रकारचे गुणधर्म नोंदीत असले पाहिजेत, परंतु मूल्य अज्ञात असल्यास ते रिकामे ठेवता येतात. तिसरा प्रकार ऐच्छिक आहे. पहिल्या व दुसऱ्या प्रकारांचे सशर्त उपप्रकारही आहेत; म्हणजे विशिष्ट अट पूर्ण झाल्यासच ते अनिवार्य होतात.

तपासणीचा एकमेव ओळख-क्रमांक पहिल्या प्रकारात मोडतो, तर रुग्णाचे नाव व जन्मदिनांक दुसऱ्या प्रकारात मोडतात. अपघातात बेशुद्ध झालेल्या अनोळखी रुग्णाचे नाव तपासणीच्या वेळी माहीत नसते, तरीही त्याची प्रतिमा घेणे तातडीचे असते. नावाला मूल्य सक्तीचे केले असते, तर तंत्रज्ञाला खोटे नाव लिहावे लागले असते आणि ते खोटे नाव पुढे खऱ्या नावासारखेच वापरले गेले असते. शरीराची डावी की उजवी बाजू ही नोंद सशर्त आहे, कारण गुडघ्याच्या प्रतिमेत ती आवश्यक असते आणि कवटीच्या प्रतिमेत निरर्थक.

साठवलेल्या संख्येचे खऱ्या राशीत रूपांतर करणारा गुणक येथेही आहे. फिट्समध्ये तो ऐच्छिक आहे. सीटी प्रतिमांमध्ये मात्र तो सामान्यतः स्पष्ट द्यावा लागतो, कारण ऊतींची घनता दर्शवणारी हौन्सफील्ड मूल्ये त्याच्यावरच अवलंबून असतात. समान गणिती भूमिका असलेला गुणधर्म एका क्षेत्रात ऐच्छिक आणि दुसऱ्यात अनिवार्य असू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

### हवामानशास्त्र

हवामान व महासागर यांच्या विदेसाठी वापरल्या जाणाऱ्या सीएफ संकेतांत मितियुक्त राशींसाठी एकक अनिवार्य आहे. कालगणनेची पद्धत सांगितली नसल्यास मात्र प्रचलित दिनदर्शिका गृहीत धरली जाते. काही हवामान-प्रारूपे गणिताच्या सोयीसाठी ३६० दिवसांचे वर्ष वापरतात. अशा प्रारूपाच्या फाईलमध्ये दिनदर्शिका नोंदवली नाही, तर दर वर्षी सुमारे सव्वापाच दिवसांचा फरक साचत जातो आणि सहा वर्षांत तो एका महिन्याहून अधिक होतो.

एकक गृहीत धरण्याचे परिणाम अवकाशविज्ञानात दिसून आले. २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ नष्ट झाले. एका आज्ञावलीने आवेगाची मूल्ये पौंड-बल-सेकंदांत दिली होती आणि मार्गक्रमणाच्या गणितात ती न्यूटन-सेकंदांत आहेत असे समजले गेले. या दोन एककांत सुमारे ४.४५ पटींचा फरक आहे. मेट्रिक एकके वापरण्याची अट लेखी विनिर्देशात होती, परंतु प्रत्यक्ष विदेत तिचे पालन झाले नव्हते. अनिवार्यतेचा नियम लिहून ठेवण्याइतकीच त्याची पडताळणीही आवश्यक असते, असे या घटनेवरून दिसते.

## पूर्वनिर्धारित मूल्य कोण भरतो?

पूर्वनिर्धारित मूल्य शब्दकोशात लिहिलेले असले, तरी ते फाईलला कोणत्या टप्प्यावर लागू होते हा स्वतंत्र प्रश्न आहे. एक्सएमएलमध्ये गुणधर्माचे पूर्वनिर्धारित मूल्य बाह्य व्याख्या-फाईलमध्ये असू शकते. परंतु पडताळणी न करणाऱ्या वाचक-आज्ञावलीवर ती बाह्य फाईल वाचण्याचे बंधन नसते. त्यामुळे एकाच दस्तऐवजातून एका आज्ञावलीला मूल्य मिळते आणि दुसरीला मिळत नाही. जेसन स्कीमामध्ये पूर्वनिर्धारित मूल्य ही केवळ माहितीपर नोंद आहे. पडताळणी करणाऱ्या आज्ञावलीने ते भरलेच पाहिजे असे नाही. एसक्यूएल विदागारात स्तंभाचा उल्लेख वगळल्यास पूर्वनिर्धारित मूल्य भरले जाते, परंतु ‘नल’ असे स्पष्ट लिहिल्यास ते भरले जात नाही.

यामुळे वाचताना भरलेले मूल्य आणि लेखकाने स्वतः लिहिलेले मूल्य यांतील भेद जपणे महत्त्वाचे ठरते. फाईल एकदा वाचून पुन्हा साठवताना भरलेली मूल्ये तीत लिहिली गेली, तर गृहीतकाला मापनाचे रूप येते आणि नंतरच्या वाचकाला मूळ स्थिती समजत नाही.

## आवृत्ती बदलताना

शब्दकोश काळानुसार बदलतात, पण जुन्या फाईली तशाच राहतात. त्यामुळे पुढील तीन बदल विशेष जोखमीचे ठरतात.

* पूर्वनिर्धारित मूल्य बदलणे: ज्या जुन्या फाईलींत ते मूल्य लिहिलेले नव्हते, त्या सर्वांचा अर्थ एकही अक्षर न बदलता बदलतो. अशा वेळी जुना विदाघटक तसाच ठेवून नव्या नावाचा विदाघटक आणणे श्रेयस्कर असते.
* ऐच्छिक गुणधर्म अनिवार्य करणे: काल ग्राह्य असलेल्या फाईली आज अग्राह्य ठरतात. म्हणून आधी ‘शिफारस केलेला’ असा दर्जा देऊन पुढे केवळ नव्या नोंदींसाठी सक्ती करणे, हा सौम्य मार्ग मानला जातो.
* अनिवार्य गुणधर्म ऐच्छिक करणे: जुन्या फाईलींना बाधा येत नाही, परंतु ते मूल्य नेहमी मिळेल असे मानणाऱ्या जुन्या आज्ञावली नव्या फाईलींवर अडखळतात.

फिट्सच्या परंपरेत, एकदा प्रमाणानुसार ग्राह्य असलेली फाईल पुढेही ग्राह्यच राहिली पाहिजे, हे तत्त्व पाळले जाते.

## शब्दकोश आणि धोरण

प्रत्येक सक्ती शब्दकोशातच असावी असे नाही. सीआयएफच्या मूलभूत शब्दकोशात बहुतेक विदाघटक ऐच्छिक आहेत, कारण अर्धवट राहिलेल्या प्रयोगाची किंवा केवळ एका मोजमापाची फाईलही ग्राह्य असली पाहिजे. प्रकाशनासाठी मात्र नियतकालिके अधिक माहिती मागतात. आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाची चेकसीआयएफ ही सेवा फाईलमधील त्रुटी आणि विसंगती यांची तीव्रतेनुसार वर्गवारी करून सूचना देते. शब्दकोश राशीचा अर्थ सांगतो आणि विशिष्ट कामासाठी काय पुरेसे आहे हे धोरण ठरवते. हे विभाजन पाळल्यास एकच शब्दकोश प्रयोगशाळा, विदागार आणि नियतकालिक अशा तिघांनाही वापरता येतो.

## रचनेची सर्वसाधारण तत्त्वे

वरील पद्धतींवरून पुढील तत्त्वे निष्पन्न होतात.

1. ज्याच्याविना नोंदीची ओळख पटत नाही किंवा उर्वरित विदेचा अर्थ लागत नाही, तेच विनाअट अनिवार्य करावे.
2. अनिवार्य घटकाचे मूल्य प्रामाणिकपणे अज्ञात असू शकत असेल, तर ‘अज्ञात’ असे नोंदवण्याची सोय असावी. ती नसल्यास खोटी मूल्ये भरली जातात.
3. मोजलेल्या राशीला पूर्वनिर्धारित मूल्य देऊ नये. गणिती दृष्ट्या तटस्थ किंवा व्याख्येनेच निश्चित होणाऱ्या मूल्यांपुरता त्याचा वापर मर्यादित ठेवावा.
4. एखादा घटक अनिवार्य असून त्याला पूर्वनिर्धारित मूल्यही असेल, तर ती सक्ती निरर्थक ठरते. दोहोंपैकी एकच निवडावे.
5. अनिवार्यता परिस्थितीवर अवलंबून असल्यास अट शब्दकोशातच, संगणकाला तपासता येईल अशा रूपात लिहावी.
6. प्रसिद्ध झालेले पूर्वनिर्धारित मूल्य बदलू नये.

## हे सुद्धा पहा

* विदागार
* अधिविदा
* स्फटिकशास्त्र
* एक्सएमएल
* मापन एकके